दोन डब्यांची गाडी

दोन वस्तू समोर ठेवल्या की त्यातली एक निवडणं योगीराजला कधीच जमलं नाही. (बायको तेवढी एक निवडली, तीही दुसरं स्थळ आलं नाही म्हणून.)

त्याच्या जुन्या फोर बाय फोर पिकअपचा ट्रान्सफर केस गेला. इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटणारा हा लोखंडी डबा. त्याचा दांडा ‘लो’वर ओढला की वेग घटतो आणि जोर वाढतो. पूर्णेच्या शिवप्रकाश मिस्त्रीनं भंगारातून दोन काढून ठेवले. एक जीपचा, बारका पण चपळ. दुसरा ट्रकचा, रेड्यासारखा. योगीराज सकाळपासून दोन्ही डब्यांभोवती फेऱ्या मारत होता. शेवटी म्हणाला, "एकामागं एक, दोनी जोडून टाका."

मग त्यानं मोठ्या उत्साहात बायकोला, वैष्णवीला फोन केला. "दोन डबे लावायलोय."

"दोन कशाला? एकातच भाकरी बसती, भाजी बसती."

"अगं, गाडीचे डबे. लो-वर लो. आता चिखलाची काय बिशाद?"

"साडी घेताना मला बरं म्हणता, एकच घे."

त्याच आठवड्यात रविवारी पूर्णेला तिचा धाकटा भाऊ बजरंग याच्या लेकीचं बारसं होतं. वैष्णवी एकुलती एक आत्या. बाळाच्या कानात नाव सांगून कुर्र करायचा मान तिचा. बजरंगच्या थोरल्या लेकराच्या वेळी गाडी चिखलात रुतली आणि तो मान शेजारणीनं घेतला, हे ती विसरली नव्हती. (योगीराजला विसरू देतही नव्हती.)

रविवारी सकाळी चुडाव्याच्या शेतातून दोघं निघाले. जिथं बैल गुडघ्यापर्यंत रुतायचे, तिथून गाडी म्हशीसारखी डुलत पार झाली. योगीराजची छाती फुगली, ती डांबरी रस्ता येईपर्यंत. तिथं त्यानं एक दांडा ओढला. हलेना. दुसरा ओढला. तोही हलेना. लाथ मारून पाहिली, हात जोडून पाहिले. दोन्ही डबे लो-मध्येच अडकले होते. इंजिन बोंबलत होतं आणि गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती.

"ही उभी हाय का चालायलीय?" वैष्णवीनं विचारलं.

"चालायलीय की. ती बाभळ बघ, मागं जायलीय."

"कवाची तिथंच हाय ती."

ती उतरली, पुढं चालत गेली, परत आली, बसली, पुन्हा उतरली. तेवढ्यात शेजारच्या शेतातले दत्तराव बैलगाडी घेऊन मागून आले आणि पुढं निघाले.

"दोर हाय. बांधू का बैलाच्या मागं?"

"नको काका, लय जोर हाय गाडीत."

"मग त्याला म्हणावं, जरा चल."

वैष्णवीनं पिशवी उचलली. "यंदा बी शेजारणीनं कुर्र केलं, तर मी तुमच्या घरला यायची न्हाई. काका, मला ठेसनावर सोडा."

"अगं, दोन डबे हायत, थोडा दम धर."

"रेल्वेला लय डबे असतेत. तरी पळती."

योगीराज पूर्णेत शिरला तेव्हा मांडव सोडायला लागले होते. वैष्णवी पाळण्यापाशी ओटीचा नारळ घेऊन थाटात बसलेली दिसली आणि त्याच्या जिवात जीव आला.

"नाव ठेवलं का?" त्यानं हळूच विचारलं.

बजरंगनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"बाळाला एकच ठेवलं, दाजी. तुमाला मातर दुपारपासून नावं ठेवायलोत, अजून संपंनात."