भोईर आधी बघून घेतात

सोमवार, सकाळ. हजर: शिक्षणसंस्थेचे सचिव, मी (कार्यालय अधीक्षक) आणि भोईर. विषय एकच. मुरबाडकडची आमची वैशाखऱ्याची शाळा बंद झाली, तेव्हा तिच्या नावाचं ईमेलचं डोमेनही सर्व्हरवरून काढून टाकायचं. जबाबदारी माझी, हात भोईरांचा.

"आधी बघून घेतो," भोईर म्हणाले.

हे ते प्रत्येक गोष्टीला म्हणतात. जीपमध्ये बसण्याआधी तिच्याभोवती फेरी मारतात. चहात आधी डोकावतात, मग पितात. आमच्या शिपाई लक्ष्मीबाईंनी एकदा विचारलं, "दादा, बायको पन अशीच बघितली काय?"

"बघतच राह्यलो गो," भोईर म्हणाले, "तवर तिचं लगीन झालं."

शहापूरच्या कार्यालयात ते मेल सर्व्हर सांभाळतात. सेटिंग्ज बघायला चांगलं रंगीत पान आहे, बटणं आहेत. भोईरांना ते चालत नाही. "तिथं नटवून दाखवतात, मॅडम. हितं उघडं दिसतं," म्हणत ते काळी खिडकी उघडतात, दोन बोटांनी कमांड टाइप करतात आणि सरसर उतरलेल्या ओळी आरतीसारख्या मोठ्यानं म्हणतात. रोज. बदलत काही नाहीत. फक्त बघतात.

आणि या माणसाच्या टेबलाभोवती गर्दी! माझ्या कपाटातल्या प्रत्येक फाइलीवर चिठ्ठी आहे, हवा तो कागद मी उभ्या उभ्या काढून देते. पण दारातून येणारा प्रत्येक जण विचारतो, "भोईरदादा कुठंय?" करवंदं त्यांच्या टेबलावर. लग्नाची पत्रिका त्यांच्या नावाची. मी 'समस्त कर्मचारी' मध्ये. खुपतं मला. का खुपू नये?

म्हणून त्या सोमवारी खुर्ची ओढून शेजारीच बसले. भोईर वाचू लागले, "डोमेन चालू. खाती एकपण नाय..." मग एक ओळ गिळून पुढे गेले.

"ती राहिली," मी म्हणाले.

"ती व्हय? ती कॅचऑल."

म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे शाळेचं डोमेन बरोबर असलं, की आधी कोणतंही नाव लिहिलं, तसं खातं नसलं, तरी मेल एका ठरलेल्या पेटीत पडतो. पेटी भोईरांची होती.

"वैशाखऱ्याला पोरांना कॉम्प्युटर शिकवायला जायचो ना मी. पत्ता त्यांच्या ध्यानात नाय राह्यचा. मग सांगितलं, शाळेचं नाव नीट लिवा, त्याच्या आधी वाटंल ते लिवा. मला मिळंल."

त्यांनी पेटी उघडून दाखवली. वाशिंदच्या कारखान्यात लागलेला एक, कल्याणला नर्स झालेली एक. कुणी 'भोईरकाका'ला लिहिलं होतं, कुणी 'चष्मेवाला'ला. एकानं पत्त्यात नुसतं 'बाबा' टाकलं होतं. "मुलगी झाली. फोटो बघा."

माझा पत्ता बिनचूक आहे. त्या सकाळी त्यावर हजेरीपत्रकाची स्मरणपत्रं आली होती.

"मग सगळ्यांना तुमचा नवा पत्ता कळवून टाका," मी जरा कडकच बोलले.

"ज्यांनी लिवलं त्यांना कळवीन, मॅडम." भोईरांनी चष्मा काढून पुसला. "ज्यांनी अजून लिवलं नाय, त्यांना कुठं गाठू?"

पुढची, डोमेन काढायची कमांड मी त्यांना टाइप करायला सांगायची होती. मी खुर्ची उचलून माझ्या जागी नेली.

सचिव दर सोमवारी विचारतात. वैशाखऱ्याचं डोमेन काढायचं काम बाकी आहे. माझ्याकडे.