व्हिडिओ बंद पडलेला नाही

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या तमाम विद्यार्थी, पालक आणि मोबाईलधारकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की सात रस्ता चौकापासून हाकेच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, एक सेवानिवृत्त शिक्षक मोबाईलला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसतात. प्रकृती ठणठणीत आहे. डोकंही जागेवर आहे. हल्ली ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ वाट बघतात. त्याचं कारण मी सांगू शकते, कारण ते घडलं तेव्हा मी तिथे होते.

हे आमचे येमूल सर. आमच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. मी तिथेच मराठी शिकवते. ते निवृत्त झाले आणि विनायक नावाच्या त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना आपल्या ऑनलाइन क्लासमध्ये ओढलं. सरांनी धडे रेकॉर्ड करायचे, गावोगावच्या मुलांनी ते मोबाईलवर बघायचे. रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याचं मानाचं पद दर रविवारी माझ्याकडे असतं.

पहिल्याच रविवारी सरांनी विचारलं, "लोखंड गंजतं, मग स्टीलचा तांब्या का गंजत नाही?" आणि गप्प बसले. मला वाटलं, विसरले. मी खुणा केल्या. त्यांनी हात वर करून मलाच गप्प केलं. मोबाईलमागे शाळेनं भंगारात काढलेला एक बाक त्यांनी मांडून ठेवला होता. त्या रिकाम्या बाकाकडे बघत म्हणाले, "घाई नाही आपल्याला. थांबतो मी." आणि खरोखर थांबले. खालून रिक्षा गेली, भाजीवाला गेला. मग मान डोलावून म्हणाले, "शाब्बास. आता पुढं."

"सर, कोणी उत्तर दिलं?"

"दिलं असंल की."

"आणि चुकीचं दिलं असेल तर?"

"एवढा वेळ विचार केला न्हवं? मग शाब्बास द्यायलाच पाहिजे. उत्तराचं नंतर बघू."

एकदा दमून मी त्या बाकावर बसले, तर म्हणाले, "बाई, खुर्चीवर बसा. तितं पोरं बसतात."

मुलांच्या प्रतिक्रिया भराभर आल्या. 'सर, नेट गेलं का?' 'सर हँग झाले.' एका पालकाने मोबाईल दुरुस्तीला टाकला. शेवटी विनायकने व्हिडिओच्या कोपऱ्यात एक ओळ घातली: 'व्हिडिओ बंद पडलेला नाही. सर थांबले आहेत.' एवढं प्रामाणिक वाक्य मी शिक्षणक्षेत्रात दुसरं वाचलेलं नाही.

या थांबण्यामागचं कारण सरांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील यंत्रमागावर कामाला होते आणि सर लहानपणी डबा घेऊन कारखान्यात जायचे. "मागाच्या खटखटीत काय ऐकू येणार, बाई? वडलांना विचारायचं आणि तोंडाकडं बघत बसायचं. ओठ हलायच्या आधी गाल हलतो. तो हलला की समजायचं, उत्तर निघालंय, वाटेत हाय. वर्गात पण मी तेच बघायचो." मग मोबाईलकडे बघून म्हणाले, "ह्याला गालच न्हाईत."

खोलीत ते एकटेच राहतात. रविवारी आम्ही रेकॉर्डिंग संपवून चहा घेतो, आणि कप विसळताना ते मला तिसराच एखादा प्रश्न विचारतात. मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. पण मी हळूहळू चुकीचं उत्तर देते. तेवढीच त्यांना वाट बघायला मिळते.

मग विनायक एक दिवस पेढे घेऊन आला. पेढे बघूनच मला संशय आला.

"सर, शांतता तेवढी कापू या. पोरं पळतायत. पुढच्या महिन्यापासून सगळे व्हिडिओ छोटे करतोय मी."

"मग माझे काढून टाक."

"सर, असं कसं..."

"प्रश्न विचारून निघून जायचं? मग मी कशाला पाहिजे, पुस्तक हाय की."

विनायक बिचारा सरांचाच विद्यार्थी. म्हणाला, "एक. एक तरी जण त्या वेळात उत्तर देतंय असं दाखवा. कात्री लावणार नाही."

त्या रविवारी बाकावरची धूळ सरांनी दोनदा पुसली.

पुढच्या आठवड्यात विनायक पालकांना भेटायला जेऊरला निघाला, आम्हालाही गाडीत घेतलं. आठवीतल्या पूजाचं घर पहिलं होतं. घरात रेंज नाही, म्हणून मोबाईल अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्यावर उभा केलेला. पूजा वही घेऊन समोर. तिची आई आमच्याकडे पाठ करून दोरीवर कपडे वाळत घालत होती. मोबाईलवर येमूल सर. दारात येमूल सर. मी दोघांना एकदम पहिल्यांदाच बघत होते.

मोबाईलमधले सर म्हणाले, "कपडे वाळतात ते उन्हानं, का वाऱ्यानं? घाई नाही. थांबतो मी."

पूजा पेन चावत बसली. विनायकने घड्याळ बघितलं. तेवढ्यात आईचा हात दोरीवर थांबला.

"आई, ते रेकॉर्डिंग हाय," पूजा म्हणाली.

"हाय तर हाय. माणूस थांबलाय न्हवं?"

ओलं लुगडं खांद्यावर टाकून ती मोबाईलकडे वळली. मी सरांकडे बघितलं. ते मोबाईलकडे बघतच नव्हते. त्या बाईच्या गालाकडे बघत होते. विनायकचा घड्याळाचा हात खाली आला.

"ऊन असलं तर उन्हानं, सर," ती सावकाश म्हणाली. "आभाळ आलं की वाऱ्यानं. आन् दोन्ही नसलं, तर मग..."

"शाब्बास," मोबाईल म्हणाला. "आता पुढं."

आणि आमचे सर, तीस वर्षांत वर्गात आवाज न चढवलेले, दारातून त्या मोबाईलवर ओरडले, "अरे थांब की येमूल, त्यांचं झालं न्हाय अजून!"