'अ' वर्गातला बँजो

गिरगावात आमच्या आसपास विलायती बँजो बाळगणारी सात घरे होती आणि त्यांपैकी एकाही घरात तो वाजवता येणारा माणूस नव्हता. ही परिस्थिती समाधानकारक असल्यामुळे १९५७ साली 'गिरगाव अभिजात बँजो संग्राहक मंडळ' स्थापन करण्यात आले. मी, श्यामकांत, त्याचा पहिला आणि आजवरचा एकमेव चिटणीस. सचिवालयात कारकून असल्याने वस्तू हलू न देण्याचा मला अनुभव होता.

बँजो आमच्याकडे आले ते साहेबलोक गेले तेव्हा. बंगल्यांतले सामान लिलावात निघाले. खजिनदार मनमोहनला कपाट हवे होते. बँजो आत निघाला. अध्यक्ष अप्पांनी मात्र तो जाणूनबुजून घेतला, असे अप्पा सांगतात. गोल तोंड, त्यावर ताणलेले पांढरे कातडे, लांब दांडी आणि पाच तारा. त्यांतल्या पाचव्या तारेची खुंटी टोकाला नसून दांडीच्या अध्येमध्येच होती. ती कुणा सुताराची चूक असणार, यावर आमचे एकमत झाले आणि सातही जणांनी ती उपटून भोक बुजवून घेतले. वाद्याच्या मूळ स्थितीत कोणताही बदल करू नये हा नियम त्यानंतरच्या बैठकीत संमत झाला. लालबागच्या वरातींत वाजतो त्या बटणांच्या बँजोशी आमचा काडीचाही संबंध नाही, हे घटनेच्या पहिल्याच कलमात आहे.

मग वर्गवारी ठरली. मूळ कातडे शाबूत असलेला बँजो 'अ' वर्गात, कातडे बदललेला 'ब' वर्गात, फाटलेला 'क' वर्गात. 'अ' आणि 'ब' वाजवायचे नाहीत. 'क' कुणीही खुशाल वाजवावा. 'अ' वर्गाचा बँजो कोरड्या खोलीत, काचेच्या कपाटात, कुलपात ठेवायचा. ज्याच्या घरी अशी सोय नसेल त्याचा बँजो अध्यक्षांच्या घरी राहील. आमचे सातही 'अ' वर्गात आले हे सांगायला नकोच.

अठ्ठावन्नच्या दिवाळीनंतर एका रविवारी मंडळाची बैठक चालू असताना अप्पांच्या दारात बुधाजी उभा राहिला. डिलाईल रोडच्या चाळीत राहणारा, गिरणीत विणकाम खात्यातला. हातात गोणपाटात गुंडाळलेला बँजो.

"अप्पासाहेब, हितं असले बँजो हायत असं कळलं," तो म्हणाला. "जादा तारा असतील काय? आतड्याच्या लागतात, बाजारात मिळत नाय."

बुधाजीचे वडील सीताराम हे परळला गिरणीतल्या एका विव्हिंग मास्टरच्या, म्हणजे विणकाम खात्याच्या साहेबाच्या, बंगल्यावर कामाला होते. तो साहेब लँकेशायरचा. संध्याकाळी बँजो वाजवायचा आणि साथीला कुणी नाही म्हणून त्याने सीतारामला शिकवले. परत जाताना बँजोही देऊन गेला. बापाने मुलाला शिकवले. एवढी हकिगत सांगून बुधाजी खाली बसला आणि त्याने तीन बोटांनी वाजवायला सुरुवात केली.

खरे सांगतो, मी हादरलो. इतकी वर्षे कपाटात ठेवलेल्या वस्तूच्या पोटात एवढे काही असते हे मला माहीतच नव्हते. सूर पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखे येत होते. यशोदावहिनी, म्हणजे अप्पांच्या पत्नी, पिठाच्या हातांनी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. आणि आमच्यापैकी प्रत्येकाला दिसले, की बुधाजीच्या बँजोला दांडीच्या मध्ये खुंटी होती आणि सगळ्यात गोड काम त्या खुंटीवरचीच तार करत होती. या विषयावर मंडळात पुन्हा कधी चर्चा झाली नाही.

"आवाज मोठा आहे रे याचा," अप्पा म्हणाले.

"कातडं चांगलं ना, म्हणून," बुधाजी म्हणाला. "वासराचं हाय. तुमचं पण वासराचंच."

यशोदावहिनींनी आधी बुधाजीकडे पाहिले, मग काचेच्या कपाटाकडे. कपाट देवघराला लागून होते. त्याच दिवशी ठराव क्रमांक अकरा तातडीने संमत झाला: 'मंडळाच्या सर्व बँजोंचे आवरण व तारा वनस्पतिजन्य आहेत असे मानण्यात यावे.' वहिनींचे समाधान झाले. बुधाजीला चहा देण्यात आला. कान तुटलेल्या कपात. तो कप खास पाहुण्यांसाठी ठेवलेला आहे, असे अप्पांनी स्वतःहून सांगितले.

साठ सालच्या एप्रिलमध्ये आमचे मराठी राज्य येणार हे पक्के झाले. एक मेच्या सकाळी गल्लीत मंडप घालून सोहळा करायचा, त्यात आमच्या मंडळाने बँजोवादन सादर करायचे ठरले. वादक एकच होता. अप्पांनी त्याला बोलावून घेतले.

बुधाजीचा चेहरा उजळला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या चार वर्षांत डिलाईल रोडच्या सभांना वक्ते यायच्या आधी तो हाच बँजो वाजवून गर्दी जमवी. छप्पन्नमध्ये एका सभेवर लाठीमार झाला तेव्हा त्याने बँजो पोटाशी धरला आणि पाठ पुढे केली. पाठीवर दोन वळ अजून आहेत. "राज्य आलं की त्या दिवशी सगळ्यांसमोर वाजवीन, असं राधाला बोललोय," तो म्हणाला. राधाबाई त्याची बायको. "अख्खी चाळ येणार हाय बगा."

अडचण एवढीच होती, की मंडळाच्या कार्यक्रमात नोंदणीकृत वाद्यच वाजवता येते. "फॉर्म भर, काम संपलं," मनमोहन म्हणाला. बुधाजीने फॉर्म भरला. तपासणी समितीने भिंगातून बँजो पाहिला आणि समितीचे डोळे पांढरे झाले. कातडे मूळचे. कडेला बनवणाऱ्याचा शिक्का. ओरखडासुद्धा नाही. मी शेरा लिहिला: 'वाद्य आश्चर्यकारकरीत्या सुस्थितीत. कारण अज्ञात. वर्ग अ.'

'अ' वर्ग म्हटल्यावर वाजवण्याचा प्रश्नच मिटला. बुधाजीच्या खोलीत काचेचे कपाट नव्हते. शिवाय ती खोली ओलसर हवेत असल्याचे अप्पांनी न पाहताच नमूद केले. अप्पांच्या खिडकीतून समुद्राचे तुषार आत येतात. पण ती हवा समुद्राची, ओलसर नव्हे. बँजो कपाटात गेला. इतिवृत्तात आम्ही 'श्री. बुधाजी सीताराम यांनी वाद्य सुपूर्द केले' असे लिहिले. तोंडी अप्पा म्हणाले, "अरे, भाग्य समज तुझं. पहिल्या फटक्यात 'अ'!"

"मग मी वाजवू काय?" बुधाजीने विचारले.

"'क' वर्गाचा बँजो."

"तो कुणाकडं हाय?"

"कुणाकडेच नाही."

अपवादासाठी उपसमिती नेमली. वाजवल्याने वाद्य झिजते का, हे आधी सिद्ध व्हायला हवे; ते सिद्ध करायला वाजवावे लागेल; आणि वाजवायला तर परवानगी नाही. म्हणून झिजते असे गृहीत धरण्यात आले. पत्रिका मात्र छापून झाल्या होत्या. शेवटी मनमोहनने तोडगा काढला: कातड्यावर ताण येतो तो तारांमुळे. तारा काढल्यास वादनाला हरकत नसावी.

"तारा काढून वाजवणार काय, डोंबल?" बुधाजी पहिल्यांदाच तडकला.

"बोटं तुझीच आहेत ना? मग?" मनमोहन म्हणाला.

बुधाजीने काचेतून बँजोकडे पाहिले. "बरं," तो म्हणाला. "एकदा हातात तर द्या."

एक मे, रविवार. मंडप फुलून गेला होता. पहिल्या चार रांगांत गिरगावातली प्रतिष्ठित मंडळी, मागे डिलाईल रोडची चाळ, बायकांच्या बाजूला टोकाला राधाबाई नव्या लुगड्यात. मी माईकवरून वादनाची घोषणा केली. बुधाजीने बँजो मांडीवर घेतला, कातड्यावर तळहात ठेवला आणि तसाच बसला. एक बोटही हलवले नाही.

पहिल्या मिनिटाला पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मान डोलावली. दुसऱ्या मिनिटाला रांगच्या रांग डोलू लागली. कुणीतरी डोळे मिटले. कुणी "वा!" म्हणाले, अगदी बरोबर जागेवर.

"अवो, वाजत नाय ते!" मागून राधाबाईंचा आवाज आला.

"शूऽऽ!" चारही रांगांनी एकदम दटावले. "वादन चाललंय!"

सात मिनिटांनी बुधाजी उठला आणि माईकजवळ आला. "याला तारा नायत," तो म्हणाला. "तारा माझ्या खिशात हायत."

मंडप टाळ्यांनी दणाणला. एवढा मोठा कलावंत आणि किती हा विनय, असे लोक एकमेकांना सांगत होते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात 'संयत वादन' अशी ओळ आली. कात्रण दप्तरी आहे.

बुधाजी बँजो घेऊन तडक मंडपाबाहेर निघाला. अप्पांनी कमानीपाशी गाठून दांडी धरली. "कुठे नेतोस? 'अ' वर्ग आहे तो!" दांडी अप्पांच्या हातात, गोल तोंड बुधाजीच्या. अप्पा ओढू लागले. लाकूड करकरले. अप्पा सोडणार नव्हते हे मला माहीत होते. बुधाजीलाही दिसले असावे. त्याने हात काढून घेतले. लाठ्यांपुढे न सुटलेली पकड अप्पांपुढे सुटली. हे त्याचे सहकार्य इतिवृत्तात नोंदवले आहे.

आता तारा त्याच्याकडे आहेत आणि बँजो आमच्याकडे. दर एक तारखेला गिरणीतली पाळी संपली की तो येतो, काचेतून बघतो, कान तुटलेल्या कपातला चहा न घेता जातो. गेल्या खेपेला यशोदावहिनींनी अप्पांना विचारले, "देऊन टाकला तर काय होईल हो?" प्रश्न नियमावलीत बसत नसल्याने नोंदवलेला नाही.

वाचकहो, मंडळाचा विस्तार करायचा आहे. सभासदत्वासाठी दोन जणांची शिफारस लागते; पण त्या सकाळी पहिल्या चार रांगांत बसून ज्यांनी राधाबाईंना गप्प केले, त्यांना ती अट माफ आहे. माझ्याकडे यादी आहे. आपला अर्ज मी आपल्या वतीने भरून ठेवला आहे. फक्त सही करायची.