दामलेकाका जागा धरतात

इथे नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावातले आमचे शेजारी दामलेकाका कुठेही गेले की बसण्याआधी शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकतात. डॉक्टरांकडे, ट्राममध्ये, मराठी मंडळाच्या नाटकाला. कोण येणार आहे, असं विचारलं तर म्हणतात, "कुणी येवो न येवो, जागा धरलेली बरी." एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून वाढलेली पिढी! या देशात तीस वर्षं काढली, रॉटरडॅमच्या बंदरातून निवृत्त झाले, पण खिशातला जादा रुमाल काही सुटला नाही. एकदा तर माझ्याच घरी, माझ्याच सोफ्यावर त्यांनी माझ्यासाठी जागा धरली होती.

काकू गेल्यापासून काका एकटेच. म्हणून मे महिन्यात मी आणि माझा नवरा निखिल स्पेनला बेनिडॉर्मला निघालो, तेव्हा त्यांनाही ओढून नेलं. समुद्र बघायला गेलो आणि पाहिल्या त्या इमारती. एकीला खेटून दुसरी, आणि मधल्या फटीतून दिसेल तेवढा समुद्र. मी हिरमुसले. काका मात्र खूश. "हा तर आपला घोडबंदर रोड झाला गं!"

हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी सनबेड कमी आणि माणसं फार. पहिल्याच सकाळी इंग्रज, जर्मन आणि डच मंडळी टॉवेल टाकून जागा अडवताना दिसली आणि काकांना गहिवरून आलं. "बघ, आपण जगात एकटे नाही!" दुसऱ्या दिवशी ते सहालाच खाली. तीन सनबेडवर तीन पंचे आणि चौथ्यावर कोरा पिवळा टॉवेल, दुकानाची चिठ्ठीसुद्धा न काढलेला.

"चौथा कुणाला, काका?"

"असू दे गं."

अकराच्या सुमारास ते "पाय मोकळे करून येतो" म्हणून गेले, ते तासाभराने परतले.

तिसऱ्या दिवशीही तेच. काका पाय मोकळे करायला गेले असताना एक डच आजीबाई काठी टेकत दोनदा आमच्यासमोरून गेल्या, रिकाम्या सनबेडकडे बघत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारचौघांत कुणी आपल्याकडे असं बघितलेलं मला मुळीच खपत नाही. मी पिवळा टॉवेल उचलला आणि आजीबाईंना बसवलं.

काका आले. टॉवेल माझ्या मांडीवर बघून थबकले.

"उगाच कशाला जागा अडवायची? येणारं आहे का कुणी?" मी जरा जोरातच म्हणाले.

"मुक्ताला कळवलं होतं. तारखा, हॉटेल, विमानतळावरून येणारी अकराची बस. 'बघते' म्हणाली."

मुक्ता ही त्यांची मुलगी. लायडनला संशोधन करते, आमच्यापासून गाडीने पाऊण तास. पण चार वर्षांत आलेली नाही.

"तिच्या लग्नात पहिल्या रांगेत तिनं माझी खुर्ची धरली होती," काका टॉवेलची घडी करत म्हणाले. "वर माझं नाव लिहून. मी हट्टानं गेलो नाही. शेवटपर्यंत रिकामी ठेवली म्हणे. कुणाला बसू दिलं नाही तिनं."

आजीबाई डोळे मिटून ऊन खात होत्या. मी माझा सनबेड देऊ केला, तर काका म्हणाले, "राहू दे." उरलेले दोन दिवस त्यांनी तीनच पंचे टाकले आणि अकराला ते कुठे गेले नाहीत. मुक्ता आली नाही. कदाचित येणारही नव्हती. पण तो टॉवेल उचलणारा हात माझा होता, हे मला अजून बोचतं.

परवा मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. काका आले आणि रुमाल न टाकता नुसतेच बसले. माझ्याच्यानं ते बघवेना. मी शेजारच्या खुर्चीवर माझी ओढणी टाकली.

"कुणाची जागा?"

"मुक्ताची."

काकांनी ओढणी चाचपून पाहिली. मग म्हणाले, "ओढणी कुणीही उचलेल गं." खिशातून रुमाल काढला, आधी डोळे पुसले आणि तोच ओढणीवर नीट पसरून ठेवला.

हॉल भरला. माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. तिघा-चौघांनी येऊन विचारलं, बघितलंही नको तसं. मी कुणाला बसू दिलं नाही.