निरोगी रक्ताचा ठराव

खोन केन प्रांतातल्या एका संशोधन संस्थेत असा ठराव झाला होता की, प्रत्येक प्रयोगात निरोगी माणसाचा नमुना म्हणून संचालकांचंच रक्त वापरलं जाईल. संचालक तावोर्न यांच्याहून निरोगी माणूस संस्थेत असणं शिस्तीला धरून नव्हतं. सगळे त्यांना आचान म्हणत, म्हणजे गुरुजी.

संस्थेचा विषय होता जन्मजात प्रतिकारशक्ती. पेशीचा डीएनए केंद्रकात कुलूपबंद असतो. तो मोडला की त्याचे तुकडे बाहेर सांडतात. बाहेर एक प्रथिन पहाऱ्यावर असतं. तुकड्यात काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तुकडा इथे आलाच कसा, एवढ्यावरच ते बोंब ठोकतं. मग ती बिघडलेली पेशी स्वतःच अंगावर झेंडी लावते आणि गस्तीवरच्या मारेकरी पेशी झेंडी बघून तिला संपवतात. समिती नाही, सुनावणी नाही. आचान प्रत्येक भाषणात म्हणत, "कारभार असावा तर असा!"

काही पेशी मात्र पोचलेल्या असतात. त्या आपल्या झेंड्या छाटून रक्तात सोडतात. अंग कोरं राहतं, मारेकरी सुट्या झेंड्यांत गोंधळतात. रक्तातल्या या छाटलेल्या झेंड्या मोजायचं काम संस्थेतल्या संशोधक नारुमोनकडे होतं. आमच्याकडे कच्च्या माशाची कोशिंबीर कुणाला सुटत नाही; माशातला जंत यकृतात घर करतो आणि पित्तनलिकेच्या पेशी वर्षानुवर्षं बिघडत जाऊन शेवटी कर्करोग होतो. लवकर कळलं तर शस्त्रक्रियेने माणूस वाचतो. उशिरा कळलं तर संस्था शोकसंदेश पाठवते.

नारुमोन संचालकांच्या खोलीत गेली.

"आचान, तुमच्या रक्तात छाटलेल्या झेंड्या फार निघाल्यात."

"फार म्हणजे? रुग्णांच्या जवळपास?"

"रुग्णांच्या पुढे."

आचान विचारात पडले. "म्हणजे आपले रुग्ण सुधारले की!"

"आचान, सोनोग्राफी करून घ्या. आत्ता सापडलं तर काढून टाकता येईल. तुम्ही कच्चा मासा खाता ना अजून?"

"खातो, पण भरपूर लिंबू पिळून. वर तांदळाची दारू. त्यात जंत कसला जगतोय? मीच कसाबसा जगतो."

"लिंबाने जंत मरत नाही, हे भित्तिपत्रक आपणच छापलंय."

"ते लोकांसाठी आहे गं."

प्रकरण प्रशासन अधिकारी विरायुतकडे गेलं. त्याने समिती बसवली. समितीचं म्हणणं सरळ होतं: संचालक निरोगी आहेत हा ठराव आहे, आणि ठराव रद्द करण्याचा अधिकार रक्ताला नाही. तेव्हा निरोगीपणाची मर्यादाच संचालकांच्या आकड्यापर्यंत वाढवावी. आचाननी सही केली. संध्याकाळपर्यंत प्रांतातले सगळे रुग्ण त्या मर्यादेच्या आत येऊन निरोगी झाले. शस्त्रक्रियेसाठी थांबलेल्यांना अभिनंदन करून घरी पाठवण्यात आलं.

"माणसं मरतील!" नारुमोन म्हणाली.

"मरतील की," विरायुत समजुतीने म्हणाला. "पण निरोगी माणसं मरतात ना ताई, ते आपल्या विषयात बसत नाही."

मग त्याने तिचंही रक्त तपासायला लावलं. त्यात झेंड्या जवळजवळ नव्हत्याच. संचालकांशी तुलना करता ही प्रकृती चिंताजनक ठरली आणि तिला सक्तीच्या आजारी रजेवर धाडण्यात आलं.

रोग हटवल्याबद्दल संस्थेला गौरवचिन्ह मिळालं. 'कच्चा मासा टाळा' या फलकाखाली कच्च्या माशाची घमेली मांडली गेली. आचान बोलायला उठले तेव्हा त्यांचे डोळे पिवळेजर्द होते. सगळ्यांनी पाहिलं.

"आचान, काय तेज चढलंय!" विरायुत म्हणाला. बाकीच्यांनी तेजाला दुजोरा दिला.

काही दिवसांनी काळा चष्मा लावून, टोपी ओढून आचान नारुमोनच्या दारात उभे राहिले. गालफडं बसली होती.

"पोरी, अंगाला सारखी खाज सुटते. जेवण जात नाही. ती सोनोग्राफी… गुपचूप होईल का?"

तिने त्यांना स्कूटरवर बसवून जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता रक्तातला आकडा विचारला. तिने सांगितला.

"मर्यादेत आहे. निरोगी लोकांची सोनोग्राफी बंद झालीय, काका."

आचाननी चष्मा काढला. "बाळा, माझे डोळे तर बघ."

"डोळे डॉक्टर बघतात. आणि डॉक्टरांकडे फक्त आजारी लोक जातात."

"अरे, तो ठराव माझाच आहे!"

"मग तर तुम्हाला माहीत असायला हवं."

नारुमोन मागच्या रांगेकडे वळली. "यांचे डोळे बघा हो कुणीतरी! एवढ्या जणांनी सांगितलं तर हा ऐकेल. हे मरतील, काहीतरी बोला!"

रांगेने माना वर करून पाहिलं. भाताची परडी काखोटीला मारलेला एक म्हातारा म्हणाला, "निरोगी आहेत म्हणतोय ना तो? मग व्हा की बाजूला. सकाळपासून पाय मोडलेत आमचे."

आचान बाजूला झाले. भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. रांग पुढे सरकली.

म्हाताऱ्याला बोल लावायला हरकत नाही. पण त्याच्या मागे तुम्ही उभे होता, आणि ते डोळे तुम्हालाही दिसले होते. तुम्ही फक्त पुढच्याला विचारलंत, "खिडकी जेवायला कधी बंद होते हो?"