एकाच वेळी, सेवाज्येष्ठतेनुसार

पदवीच्या मुलांना यंदापासून समांतर संगणन शिकवावे, असे वरून पत्र आले. एक मोठे काम अनेक संगणकांनी वाटून घ्यायचे आणि एकाच वेळी करायचे, असा हा विषय. सांगलीजवळच्या आमच्या महाविद्यालयात तो कुणालाच येत नसल्यामुळे प्राध्यापकांसाठी पाच दिवसांचे प्रशिक्षण शिबिर भरले. वीस प्राध्यापक, वीस संगणक. विसाव्या दीपमाला मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. प्रमाणपत्र मिळाले तरच जूनमध्ये त्यांची नेमणूक पुढे चालणार होती.

पहिल्या दिवशी पुण्याहून शिकवायला आलेल्या साईराज सरांनी काम वाटून दिले. दहा वर्षांच्या हजेरीची बेरीज, प्रत्येक संगणकाला सहा महिने.

"हं, सगळ्यांनी एकदम सुरू करा."

कुणी बोट हलवले नाही.

"काय अडचण आहे?"

"आवं सर, विभागप्रमुख आल्याबिगर आमी कसा हात लावायचा?" जोतीराम सर म्हणाले. "बरं दिसत न्हाई ते."

विभागप्रमुख लालासाहेब सर दुसऱ्या दिवशी आले. नारळ फुटला, त्यांनी बटण दाबले, टाळ्या झाल्या. मग दुसरा क्रमांक. इथे पेच पडला. जोतीराम सर आणि तानाजी सर एकाच तारखेला रुजू झालेले; एक सकाळी, एक दुपारी. तिसरा दिवस सेवापुस्तके शोधण्यात गेला. चौथ्या दिवशी समिती नेमली. तिचा अध्यक्ष ज्येष्ठ हवा, म्हणून ज्येष्ठता ठरवायला उपसमिती नेमली. साईराज सर खिशातले परतीचे तिकीट काढून पुन्हा पुन्हा बघत होते.

पाचव्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले. दीपमाला मॅडमनी घड्याळ पाहिले. पाचला प्रशिक्षण संपणार होते. शिपाई धोंडिराम फरशी पुसत होते.

"मामा, उरलेले सगळे संगणक मीच सुरू केले तर?"

"करा की. मी रोज सकाळी सगळं पंखं एकदमच लावतो. आजवर एकाबी पंख्यानं तक्रार केली न्हाई."

चार मिनिटांत बेरीज आली. परत आलेल्या साईराज सरांनी ती तपासली आणि बरोबर असल्याचे लिहूनही दिले.

संध्याकाळी प्राचार्यांनी निर्णय वाचला. एकोणीस प्राध्यापकांच्या संगणकांनी नेमून दिलेले काम वेळेत पूर्ण केल्यामुळे त्यांना प्रमाणपत्र देण्यात येत होते.

"आणि माझं, सर?"

"तुमच्याबाबत अडचण आहे, मॅडम. हा विषय अनेकांनी मिळून करायच्या कामाचा. तुम्ही सगळं एकटीनं केलंत. म्हणजे विषय तुम्हांला समजलेलाच नाही."

साईराज सर काही बोलायला उठले होते, पण तोवर आभारप्रदर्शन सुरू झाले.

जूनमध्ये दीपमाला मॅडम कुपवाडच्या एका कारखान्यात लागल्या आणि विषय लालासाहेब सरांकडे गेला. प्रवेशाच्या दिवशी तुम्हीही मुलाला घेऊन आला होतात. दाराशी टांगलेली एकोणीस प्रमाणपत्रे तुम्ही मोजलीत, खूश झालात. यातल्या नक्की कुणाला हे येते, असे विचारावे, हे तुमच्या मनातही आले होते. पण रांगेत तुमच्यापुढे गावचे सरपंच उभे होते, आणि त्यांनी अजून काही विचारले नव्हते.