सर्व्हरचे दोन रस्ते आणि सुरतेची गाडी

"पाच मिनिटांचं काम आहे, शेठ! गाडी यायच्या आत उरकतो!" नवापूरच्या फलाटावरून अझरुद्दीनने फोनवर छाती ठोकून सांगितलं.

त्याची बायको गजाला भावाच्या लग्नासाठी सव्वीस दिवसांपूर्वी सुरतेला माहेरी गेली होती. जावई न्यायला आल्याशिवाय लेक पाठवायची नाही, हा सासूबाईंचा दंडक! आणि जावयाला सुट्टी नाही! घर खायला उठत होतं. तिची हिरवी ओढणी त्याने दोरीवरून काढलीच नव्हती. वाळून कडक झाली होती बिचारी. तीन वेळा ठरलेलं जाणं मोडलं होतं. आज मात्र जायचंच!

तो कामाला होता त्या सलाउद्दीनशेठच्या हॅचरीत, म्हणजे कोंबडीची पिल्लं उबवायच्या कारखान्यात, सर्व्हर एक, पण इंटरनेटच्या लाइनी दोन आणि पत्तेही दोन. पिल्लांची ऑर्डर एका लाइनीने यायची अन् सर्व्हर उत्तर धाडायचा दुसरीने! अनोळखी पत्ता बघून समोरचं यंत्र ते उत्तर फेकून द्यायचं. व्यापारी बोंबलायचे. ज्या पत्त्यावर ऑर्डर आली, त्याच लाइनीने उत्तर पाठव, एवढाच नियम सर्व्हरला शिकवायचा होता.

अझरुद्दीनने फोनवरूनच सर्व्हर उघडला. नवा नियम घालण्याआधी जुना रस्ता पुसू, म्हणून पुसला. स्क्रीन गोठली! ज्या रस्त्याने स्वारी आत शिरली होती, तोच पठ्ठ्याने पुसला होता.

लगेच हॅचरीतल्या जोसेफचा फोन. "भाऊ, हाई काय करी टाकं? आते तं काहीच चाली नही ऱ्हायनं! मी बंद करीसन चालू करं, प्रार्थना बी करी! शेठ लाल व्हई जायेल शे!"

सुरतेची गाडी आली, थांबली आणि गेली. अझरुद्दीन रिक्षातून उलट्या दिशेला निघाला. वाटेत गजालाला फोन लावला. "आज नाही जमत गं. उद्या बघू."

"चौथ्यांदा!" एवढंच बोलून तिने फोन ठेवला. त्याला रडू आलं.

सर्व्हरपुढे बसून त्याने दोन्ही लाइनींचे रस्ते वेगळे बांधले. ऑर्डर आली, उत्तर पोचलं! शेठ खूश. "शाब्बास! आता जरा तो प्रिंटर..."

अझरुद्दीन दाराबाहेर! शेठचा काय भरवसा, म्हणून फोनच बंद केला आणि पुढची गाडी गाठली. गजाला दार उघडेल, आधी रुसेल, मग हसेल, असं मनात घोळवत तो संध्याकाळी सुरतेत उतरला.

दार सासूबाईंनी उघडलं. "अरे बेटा, तुम इधर?"

"गजालाला न्यायला आलो, अम्मी!"

"वो तो दोपहर को ही निकल गई! बोली, उनको छुट्टी नहीं मिलनेवाली, मैं ही जाती हूँ. मैंने कितना रोका! तुमको फोन किए, तो बंद!"

त्याने फोन चालू केला. तो लगेच वाजला.

"हॅचरीत जाऊन आले, तुम्ही नाही," गजाला म्हणाली. "आता आपल्या घराच्या पायरीवर बसलेय. कुठे आहात?"

"तुझ्या अम्मीच्या दारात."

तोही तिथल्याच पायरीवर टेकला.

"गजाला, फार आठवण येते गं तुझी."

"मलाही येते," ती हळूच म्हणाली. मग आवाज चढला. "पण किल्ली तुमच्या खिशात आहे!"